पिशवीतला पडदा काढलाय, आता दिवस राहिले तर?

डॉक्टर मॅडम,
माझं वय 31. पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा आठव्या आठवड्यात बाळाचे ठोके बंद पडले. दुसऱ्या वेळी सगळं नीट चाललं होतं आणि सतराव्या आठवड्यात एका रात्रीत सगळं संपलं. त्यानंतरच्या तपासण्यांत माझ्या गर्भपिशवीत जन्मापासून पडदा असल्याचं कळलं. एका रिपोर्टमध्ये 'दोन शिंगांची पिशवी' लिहिलंय, दुसऱ्यात 'पडदा'. चार महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आता पुन्हा प्रयत्न करा म्हणतात, पण मला फार भीती वाटते. टाके उसवून पिशवी फाटेल का? घरचे म्हणतात, नऊ महिने झोपून राहावं लागेल. सिझेरियनच करावं लागतं का? मुलगी झाली तर तिलाही हेच असेल का? आणि आता वाचनात आलं की या ऑपरेशनचा काही फायदाच होत नाही. मग मी उगीच केलं का? जुनी फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकून दिलीय. ती उघडायचं धाडस होत नाही.

उत्तर :

तुझ्या पत्राचं उत्तर मी शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. (वयाने तू माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून 'तू' म्हणते.) ती फाइल उघडवत नाही, हे मला समजतं. सतरा आठवडे म्हणजे चार महिने होत आले होते. पोट दिसायला लागलेलं असतं, जवळच्या माणसांना सांगून झालेलं असतं, मनात कितीतरी गोष्टी ठरलेल्या असतात. तिथून रिकाम्या हाताने घरी येणं काय असतं ते मी बायकांच्या चेहऱ्यावर खूपदा पाहिलंय, आणि 'पुन्हा प्रयत्न करा' असं त्यांना किती चटकन सांगितलं जातं तेही.

तरीही सांगते, तू विचारलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या फाइलमध्ये आहे. पिशवीला धोका किती, थांबायचं किती, नॉर्मल डिलिव्हरी होईल का, यातलं काहीच 'पिशवीत पडदा होता' एवढ्यावरून ठरत नाही. पडदा कसा काढला, कुठपर्यंत काढला, काढताना काही घडलं का, आणि सतराव्या आठवड्यात त्या रात्री सगळ्यात आधी काय झालं, यावरून ते ठरतं.

आधी हा पडदा आला कुठून ते सांगते, कारण त्याबद्दल स्वतःला दोष देत बसलेल्या बायका मला सतत भेटतात. मुलगी आईच्या पोटात असताना तिची गर्भपिशवी एका नाही, दोन नळ्यांपासून तयार होते. जर्मन शास्त्रज्ञ योहान्स म्युलर यांनी 1830 मध्ये त्या नळ्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना म्युलेरियन नळ्या म्हणतात. या दोन नळ्या पहिल्या तीन महिन्यांत मध्यावर एकमेकींना जुळतात आणि पुढच्या काही आठवड्यांत मधली भिंत विरघळत जाते. दोन शेतं एक करताना मधला बांध काढावा, तसं. बांध पूर्ण निघाला नाही की जे उरतं तो पडदा. नळ्या वरच्या बाजूला जुळल्याच नाहीत तर दोन शिंगांची पिशवी होते. अजिबात जुळल्या नाहीत तर दोन स्वतंत्र पिशव्या होतात, आणि एक नळी वाढलीच नाही तर एकाच शिंगाची. सरसकट सगळ्या बायका तपासल्या तर शंभरात पाच-सहा जणींच्या पिशवीत असा काही ना काही जन्मजात फरक सापडतो. ज्यांचे गर्भ पडले आहेत अशा बायकांमध्ये हे प्रमाण शंभरात तेराच्या आसपास जातं. पुष्कळ जणींना तो आयुष्यभर कळतही नाही, बाळंतपणं नीट पार पडतात. बीजकोश वेगळ्या पेशींपासून बनतात, त्यामुळे तुझी बीजं, तुझे हार्मोन यांना या पडद्याने काही झालेलं नाही. तुझ्या आईने गरोदरपणात काही चुकीचं केलं म्हणून हे झालं नाही. तू काही केलंस म्हणून तर नाहीच नाही.

आता दोन रिपोर्टमधली दोन नावं. हे फार वेळा घडतं. एचएसजी म्हणजे पिशवीत औषध सोडून काढलेला एक्स-रे, त्यात दिसते ती फक्त आतल्या पोकळीची सावली. आत पडदा असो किंवा पिशवी वरून दुभंगलेली असो, सावली दोन्ही वेळा दोन शिंगांसारखीच पडते. खरा फरक बाहेरच्या बाजूला असतो. पडदा असलेली पिशवी बाहेरून अखंड, घुमटासारखी असते, फार तर वर किंचित खोलगट. दोन शिंगांच्या पिशवीला वरच्या बाजूला एक सेंटीमीटरहून खोल खाच असते. ती दिसायला थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो, नाहीतर पोटातून दुर्बीण घालून प्रत्यक्ष बघावं लागतं. शिवाय युरोपातल्या तज्ज्ञांनी आणि अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी पडदा कशाला म्हणायचं याची मापं वेगवेगळी ठरवली आहेत, त्यामुळे एकाच पिशवीला दोन चांगले डॉक्टर दोन नावं देऊ शकतात.

पण नाव महत्त्वाचं आहे. दोन शिंगांच्या पिशवीत मधला भाग आतून कापायला गेलं तर पिशवीला आरपार भोक पडू शकतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशन चालू असताना बाहेरचा आकार बघून खात्री केली जाते. तुझं ऑपरेशन आतूनच झालं आणि नीट पार पडलं, त्यावरून तिथे पडदाच होता असं मानायला जागा आहे. खात्री मात्र ऑपरेशनच्या नोंदीवरूनच होईल. डिस्चार्ज कार्डवर बहुतेक एक ओळ असते. मला म्हणायचंय ती सर्जनने लिहिलेली सविस्तर नोंद, ज्याला ऑपरेशन नोट्स म्हणतात. तुझ्या फाइलमध्ये ती नसेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथून तिची प्रत मागून घे. ती मागणं हा तुझा हक्क आहे, त्यात संकोच करू नकोस.

टाके उसवण्याची भीती तू लिहिलीस. तुझ्यासारखं दुर्बिणीचं ऑपरेशन योनीमार्गातून होतं, पिशवीच्या तोंडातून बारीक दुर्बीण आत जाते आणि पडदा बारीक कात्रीने किंवा करंटने मधोमध कापला जातो. पोटावर पिशवीसाठी काप नाही, पिशवीच्या बाहेरच्या भिंतीला हात नाही, आणि आत एकही टाका नाही. पडद्याचे कापलेले काठ आपोआप मागे सरतात आणि त्यावर नवं अस्तर येतं. म्हणजे उसवायला तिथे शिवण नाहीच.

ज्यांची पिशवी पोट उघडून जोडली गेली आहे त्यांची गोष्ट निराळी. हे सदर वाचणाऱ्या एखादीचं तसं ऑपरेशन झालं असेल म्हणून सांगते. पॉल श्ट्रासमान या जर्मन डॉक्टरांनी 1907 मध्ये मांडलेल्या पद्धतीत दुभंगलेल्या पिशवीच्या दोन शिंगांना काप देऊन ती एकत्र शिवतात. आता हे ऑपरेशन क्वचितच होतं. त्यात भिंतीच्या पूर्ण जाडीतून व्रण राहतो, त्यामुळे दिवस राहण्याआधी जास्त महिने थांबावं लागतं आणि कळा सुरू व्हायच्या आधी ठरवून सिझेरियन केलं जातं. एका शिंगाच्या पिशवीला जोडून एखादं अर्धवट शिंग असेल आणि ते काढलं असेल, तर ते पिशवीला किती चिकटलेलं होतं, कापताना भिंत किती उघडली, हे पुढच्या डॉक्टरांना कळायलाच हवं. ते शिंग काढतात याला कारणही मोठं आहे : त्यात गर्भ रुजला तर मधल्या महिन्यांत ते फुटून जिवावर बेतू शकतं. तेव्हा 'माझं पिशवीचं ऑपरेशन झालंय' एवढं सांगून भागत नाही. कोणतं, ते सांगावं लागतं.

दुर्बिणीतून पडदा काढल्यानंतर गरोदरपणात पिशवी फाटल्याच्या घटना अगदीच नाहीत असं मी म्हणणार नाही. त्या दुर्मीळ आहेत. वैद्यकीय नोंदींत आलेल्या अशा केसेसमध्ये बऱ्याचदा ऑपरेशनच्या वेळी भिंतीला भोक पडलेलं होतं, कापताना गरजेपेक्षा खोल गेलेलं होतं किंवा करंटचा वापर झालेला होता. म्हणून त्या नोंदीत तीन गोष्टी शोधायच्या. पडदा कशाने कापला? भोक पडलं होतं का? वरचा थोडा भाग मुद्दाम ठेवला का, आणि किती? तिसऱ्या उत्तराने घाबरू नकोस. भिंत पातळ होऊ नये म्हणून सेंटीमीटरभराच्या आतला तुकडा पुष्कळदा ठेवला जातो आणि सहसा त्याचा त्रास होत नाही.

आता तुझा सगळ्यात अवघड प्रश्न. मी उगीच केलं का?

तू वाचलंस ते बहुधा 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल असणार. पडदा असलेल्या आणि ज्यांना दिवस राहत नव्हते, गर्भ पडले होते किंवा बाळ वेळेआधी झालं होतं अशा चार देशांतल्या 79 बायका त्यात होत्या. चिठ्ठी टाकावी तशी त्यांची वाटणी झाली : 39 जणींच्या गटात पडदा काढायचा, 40 जणींच्या गटात तसाच ठेवायचा. वर्षभराच्या आत दिवस राहून पुढे जिवंत बाळ झालेल्या बायका पहिल्या गटात 12 निघाल्या, दुसऱ्या गटात 14. म्हणजे टक्क्यांत 31 आणि 35. पडदा काढल्याचा फायदा दिसला नाही.

हा आकडा मी तुझ्यापासून लपवणार नाही, कारण तो महत्त्वाचा आहे. चिठ्ठी टाकून वाटणी केलेला या विषयावरचा हा पहिलाच अभ्यास. त्याआधी बहुतेक ठिकाणी त्याच बाईचं ऑपरेशनआधीचं आणि नंतरचं बघितलं जायचं. आधी दोन गर्भ पडले, ऑपरेशन केलं, नंतर बाळ झालं, म्हणजे ऑपरेशनचा गुण आला, असा तो हिशेब होता. पण दोन गर्भ पडलेल्या बाईला काहीही न करता पुढच्या वेळी बाळ होण्याची शक्यता मुळातच चांगली असते, हे त्या हिशेबात धरलेलंच नव्हतं. दुसऱ्या बाजूने बघ, 79 बायका म्हणजे संख्या लहान आहे. तेवढ्या गोळा व्हायलाही आठ वर्षं लागली, आणि त्या सगळ्यांची कहाणी एकसारखी नव्हती. एवढ्या लहान गटांत मध्यम आकाराचा फायदा असला तरी निसटू शकतो. इतर काही अभ्यासांत पडदा काढल्यावर गर्भ पडण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलंय. त्यामुळे प्रामाणिक डॉक्टरांमध्येही यावर दोन मतं आहेत.

माझं मत विचारशील तर, दोन गर्भ गमावल्यावर, त्यातला एक चौथ्या महिन्यात, तू आणि तुझ्या डॉक्टरांनी हा पडदा काढायचं ठरवलं, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. तो चुकला म्हणून रात्री जागू नकोस. त्या अभ्यासातून तू घ्यायचं ते वेगळंच आहे. पडदा निघाला म्हणजे सगळी कारणं निघाली असं धरून चालता येणार नाही. मला या बाबतीत एक गोष्ट नेहमी खटकते. 'पडदा होता, काढला, आता काळजी नाही' असं म्हणून फाइल मिटवली जाते आणि राहिलेल्या तपासण्या राहूनच जातात.

आठव्या आठवड्यात ठोके बंद पडले, ते पडद्यामुळेच असं म्हणता येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचीच गडबड असते, आणि ती बहुतेक वेळा त्या गर्भापुरतीच असते. पण दोनदा असं झालेल्या प्रत्येक बाईची रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडीजची, म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमची तपासणी व्हायला हवी. ती पॉझिटिव्ह आली तर किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करून पक्की करतात. त्यावर उपाय आहे, ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं. थायरॉइड आणि साखरही बघून घे. तुमच्या दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी लागेल का, ते डॉक्टरांना विचार.

सतराव्या आठवड्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण पुढच्या वेळची आखणी त्यावर उभी राहणार आहे. त्या रात्री आधी काय झालं? कळा फारशा नसताना पिशवीचं तोंड उघडलं होतं का? अचानक पाणी गेलं का? ताप होता, अंगावरून दुर्गंधी असलेलं काही जात होतं का? की बाळाचे ठोके आधीच थांबले होते आणि नंतर रक्तस्राव सुरू झाला? यातल्या प्रत्येक उत्तराची वाट वेगळी. न दुखता तोंड उघडलं असेल तर दोष पिशवीच्या तोंडाचा असू शकतो, आणि पडदा काढल्याने तो गेलेला नसतो. आत पाणी फुटण्यामागे किंवा जंतुसंसर्गामागेही तोंड वेळेआधी आखूड होणं असू शकतं.

म्हणून या वेळी दिवस राहिले की साधारण सोळाव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत, दर दोन आठवड्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तसं, योनीमार्गातून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजून घ्यायची. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ती लांबी नेमकी कळत नाही, म्हणून आतून करायला सांगतील तेव्हा नको म्हणू नकोस. त्याने बाळाला धक्का लागत नाही. लांबी 25 मिलीमीटरच्या खाली आली, तर तुझ्यासारख्या आधीच्या अनुभवात तोंडाला टाका घालण्याचा किंवा रात्री योनीमार्गात प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवायला मदत करणारं हार्मोन) ठेवण्याचा विचार होतो. फाइलमध्ये न दुखता तोंड उघडल्याची स्पष्ट नोंद असेल, तर काही डॉक्टर वाट न बघता बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमाराला टाका घालतात. बघ, त्या एका कागदावर किती काय अवलंबून आहे.

कधी प्रयत्न सुरू करायचा? पडदा कापलेली जागा साधारण दोन महिन्यांत भरून येते. तुला चार झाले. तेव्हा ऑपरेशनमुळे अजून थांबायचं कारण नाही, मात्र त्यानंतर आतून एकदा बघितलंय का, हे विचारून घे. थ्रीडी सोनोग्राफीने किंवा पुन्हा छोटी दुर्बीण घालून पडदा किती उरलाय आणि आत चिकटलं नाही ना, हे तपासतात. ऑपरेशननंतर तुझी पाळी पूर्वीपेक्षा फारच कमी जायला लागली असेल तर ही तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नकोस, कारण पिशवीच्या भिंती आतून चिकटल्याचं ते लक्षण असू शकतं. एखाद्या सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं बघितली आहेत ना, तेही फाइलमध्ये बघायला सांग. मूत्रपिंडं आणि पिशवी शेजारी शेजारी घडतात. एकाच शिंगाच्या पिशवीत मूत्रपिंडाचा दोष बराच जास्त सापडतो, पडद्यात कमी, पण एकदा पाहिलेलं बरं.

फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम आतापासून सुरू कर. मन तयार नसेल तर अजून दोन-तीन महिने थांबलीस तरी 31 व्या वर्षी काही बिघडत नाही. शरीर तयार झालं म्हणून मनानेही लगेच तयार व्हावं अशी सक्ती तुझ्यावर कोणी करू नये. प्रयत्न सुरू केल्यावर वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर मात्र भेटायला जायचं, आणि वाचणाऱ्यांपैकी कोणी पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच.

पाळी चुकली की सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी. गर्भ कुठे रुजलाय आणि ठोके आहेत का, एवढंच त्यात बघायचं. या काळात अंगावरून थोडंसुद्धा रक्त गेलं तर त्याच दिवशी कळव. आधी गर्भ गमावलेल्या बाईला सुरुवातीच्या आठवड्यांत रक्त गेलं तर योनीमार्गातल्या प्रोजेस्टेरॉनचा फायदा होऊ शकतो, असं मोठ्या अभ्यासात दिसलंय. अठराव्या ते विसाव्या आठवड्यात बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी होते, तेव्हा वार कुठे आहे हेही विचार. वार खाली, तोंडाजवळ असेल किंवा कापलेल्या जागेवर खोल रुतल्यासारखी वाटत असेल तर पुढची तयारी वेगळी करावी लागते. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाचं वजन नीट वाढतंय ना, यावर लक्ष ठेवतात.

एक गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे लिहिते, कारण ती घरच्यांनीही वाचावी. नऊ महिने झोपून राहिल्याने बाळ टिकतं, असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. उलट सतत झोपून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडं कमजोर होतात, आणि दिवसभर छताकडे बघत पडलेल्या बाईचं मन काय होतं ते वेगळं सांगायला नको. तू चालत-फिरत राहा, झेपेल तसं काम कर. वार खाली असेल, रक्त जात असेल किंवा तोंड आखूड झालं असेल तेव्हा काय टाळायचं ते डॉक्टर सांगतील, आणि ते किती दिवस टाळायचं तेही त्यांनी सांगायला हवं. हेच नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल. यातलं काही नसेल तर मनाई नाही. घरचे प्रेमापोटी बोलतात हे खरं, पण तू चाललीस म्हणून ते बाळ गेलं नव्हतं. जिना चढलीस म्हणूनही नव्हतं.

लगेच दवाखाना गाठायचा कधी, ते मात्र घरातल्या प्रत्येकाला माहीत असू दे. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं. थांबून थांबून पोट कडक होणं, कंबरेत कळा किंवा खाली दाब येणं, मग तो कितवाही महिना असो. बाळाची हालचाल कमी होणं. आणि पोटात अचानक, न थांबणारं जोराचं दुखणं, त्याबरोबर चक्कर किंवा घाम. शेवटचं लक्षण दिसलं तर दुखणं थांबतंय का याची वाट बघायची नाही, वायूचा त्रास म्हणून औषध घ्यायचं नाही. थेट निघायचं आणि पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोलायचं : 'माझ्या पिशवीचं ऑपरेशन झालेलं आहे.'

वेळेआधी बाळ होण्याची शक्यता तुझ्यात इतरांपेक्षा थोडी जास्त धरून चालायला हवी. म्हणून बाळंतपण कुठे करायचं ते सातव्या महिन्याची वाट न बघता ठरव. जिथे रात्रीही ऑपरेशन होऊ शकतं, रक्त मिळू शकतं आणि लहान बाळांचा अतिदक्षता विभाग आहे, अशी जागा निवड. कळा लवकर सुरू झाल्याच तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. फार लवकर असेल तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट. ही औषधं वेळेवर मिळाली तर फार मोठा फरक पडतो, आणि वेळेवर मिळण्यासाठी तू वेळेवर तिथे असायला हवीस.

सिझेरियनचं सांगते. केवळ दुर्बिणीतून पडदा काढला म्हणून सिझेरियन करावं लागत नाही. ऑपरेशनमध्ये भोक पडलं नसेल आणि बाळ डोक्याकडून खाली असेल तर नॉर्मल डिलिव्हरीचा प्रयत्न करता येतो. कळांवर आणि बाळाच्या ठोक्यांवर जास्त बारीक लक्ष ठेवतात, इतकंच. पिशवीचा आकार जन्मतः वेगळा असलेल्या बायकांमध्ये बाळ पायाळू किंवा आडवं राहण्याचं प्रमाण जास्त असतं. तसं झालं तर सिझेरियनचा निर्णय त्या कारणाने होईल. पायाळू बाळ पोटावरून हाताने फिरवायचा प्रयत्न अशा पिशवीत सहसा टाळतात, विशेषतः पिशवीवर मोठा व्रण असेल तर. बाळ झाल्यावर वार अडकण्याची आणि जास्त रक्त जाण्याची शक्यता थोडी असते, तेव्हा लेबर रूममध्ये तुझ्या ऑपरेशनबद्दल सगळ्यांना आधीच ठाऊक असू दे.

मुलगी झाली तर? बहुतेक वेळा हा दोष घराण्यातून येत नाही. एखाद्या कुटुंबात आई-मुलीत किंवा बहिणींत दिसतो, पण ते क्वचित. पोटात असताना तिची पिशवी तपासायचा प्रश्नच नाही, आणि लहानपणीही तपासण्याची गरज नाही. तिला पाळी यायला लागल्यावर फार दुखत असेल किंवा वयात येऊनही पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवताना तुझी ही गोष्ट सांगायची. तुला कळलं त्याच्या कितीतरी आधी तिला कळेल.

राहिली ती फाइल. ती तू एकटीने उघडायची नाहीस. नवऱ्याला काढायला सांग, किंवा बहिणीला, मैत्रिणीला, जिच्यासमोर तुला रडू आलं तरी चालतं तिला. तिच्यातून चार कागद वेगळे काढायचे : ऑपरेशनची सविस्तर नोंद आणि त्यावेळचे फोटो असतील तर ते, दोन्ही जुने रिपोर्ट, आठव्या आठवड्याची सोनोग्राफी आणि सतराव्या आठवड्यातल्या ॲडमिशनचे कागद. मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवायचे, म्हणजे पुढे कुठल्याही दवाखान्यात रात्री-अपरात्री दाखवता येतील. सतराव्या आठवड्याचा कागद तू वाचलाच पाहिजेस असं नाही. तो डॉक्टरांनी वाचायचाय. तू फक्त तो त्यांच्या टेबलावर पोचेल एवढं बघ, आणि शेजारच्या खुर्चीत तुझं माणूस बसलेलं असू दे.